राहिलेले अठरा तास

आई, तू अजून अठ्ठेचाळीसचीच आहे. आज दुपारी एका विद्यार्थिनीनं माझ्या टेबलावर फाइल आणून ठेवली, अन् चहा पिता पिता मी ती चाळली तर आत तू बसून होती. नाव नाही, नुसतं ‘अध्ययनार्थी अ’. बाई, वय अठ्ठेचाळीस, सातवी पास, अकोल्यात रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये मदतनीस, इंग्रजी शिकायची फार इच्छा. तुले जाऊन दहा वर्षं झाली. मी आता अमरावतीच्या एका बी.एड. कॉलेजात आहे, इंग्रजी कसं शिकवायचं ते पोरापोरींले शिकवतो. हे तुले सांगायचं राहूनच गेलं होतं. तासिकेवर आहे, पक्का नाही. बाकी लिहितो-बिहितो, ते कोणी छापते, कोणी छापत नाही.

तेव्हा मी याच कॉलेजात बी.एड. करून राहिलो होतो, इथंच रूम करून, इंग्रजी मेथड घेऊन. दुसऱ्या वर्षाले एक काम असायचं, अजूनही असते. शाळेबाहेरचा एक माणूस पाहायचा, ज्याले इंग्रजी येत नाही, अन् त्याले वीस तास शिकवायचं. दर तासाचं टाचण लिहायचं, खाली त्या माणसाची सही घ्यायची, सुरुवातीले एक चाचणी, शेवटी एक चाचणी, मधातला फरक ग्राफवर दाखवायचा. आमच्या बॅचमधलं कोणीच वीस तास शिकवत नव्हतं. सीनियरची फाइल आणायची, वय-गाव बदलायचं, उतरवायची. मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं की मी तसं करणार नाही, मी खरंच शिकवणार. शनिवारच्या पॅसेंजरनं बडनेऱ्याहून अकोल्याले आलो अन् तुले सांगतलं, तर तू हातातलं काम सोडून दाराची कडी लावली, मधात कोणी येऊ नये म्हणून.

तो पहिला तास मले पूर्ण आठवतो. तू पाटावर बसून सांबाराची हिरवी जुडी निवडून राहिली आहे, गॅसवर वरण आहे, अन् मी समोर उभा, एका हातात टाचणवही. आम्हाले कॉलेजात सांगतलं होतं की इंग्रजीच्या तासाले मराठीचा एक शब्द बोलायचा नाही, शिकणाऱ्याले पाहून पाहून समजू द्यायचं. म्हणून मी माझ्याच आईसंग, माझ्याच घरात, तासभर मराठी बोलत नाही. चमचा वर धरतो, धिस इज अ स्पून. पातेलं दाखवतो. तू गालातल्या गालात हसते. थोड्या वेळानं म्हणते, ‘बाबू, चमचा मले माहीत आहे ना. मले यातलं सांग.’ अन् पिशवीतून एक कागद काढते. लॅबच्या रिपोर्टचा छापील कागद, शाई पसरली म्हणून फेकायले काढलेला, तू नीट घडी करून आणलेला.

रिपोर्टचं पाकीट खिडकीतून लोकायच्या हातात तूच द्यायची. लोक तिथंच पाकीट फोडायचे. आतल्या साहेबाले विचारायची हिंमत नसायची, तर तुलेच विचारायचे, मावशी, काय निघालं? तू दिवसभर सगळ्यायले एकच सांगायची, डॉक्टरले दाखवा. ‘खेड्यावरून येते माणूस,’ तू म्हणाली, ‘डॉक्टर भेटते दुसऱ्या दिवशी. तोवर त्यानं काहून जिवाले घोर लावून घ्यावा? चांगलं आहे का खराब आहे, तेवढं तरी मले सांगता यावं.’ इतकं मोठं कारण माझ्या वर्गातल्या एकाही पोराजवळ नव्हतं इंग्रजी शिकायले. अन् मी काय केलं, मान हलवून तो कागद बाजूले ठेवला. सोप्याकडून कठिणाकडं जायचं असा नियम होता. माझ्या टाचणात रिपोर्ट वाचणं कुठंच बसत नव्हतं.

दुसरा तास पुढच्या शनिवारी. मागचं सगळं तू विसरली होती. दिवसभर उभं राहून पाय सुजले होते, पुस्तकावर डोळे मिटत होते. तेच वाक्य तिसऱ्यांदा चुकलं तेव्हा मी मराठीत आलो. तेवढ्यासाठी मराठी चालली मले. म्हटलं, ‘तुले नाही जमत, राहू दे.’ तू पुस्तक बंद केलं, पोळ्या टाकायले उठली, अन् पाठमोरीच विचारलं, ‘शाळेतल्या पोट्ट्यायले बी असंच बोलतं का रे?’ मी म्हटलं, नाही. खोटं नव्हतं ते. तिथं मागच्या बाकावर पाठ तपासायले मॅडम बसलेल्या असायच्या.

तिसरा तास झाला नाही. कधी माझी परीक्षा, कधी तुझी जास्तीची ड्युटी. तू दर शनिवारी तयारीत असायची ते मले दिसत होतं, पण मी जेवून मित्राकडं निघून जायचो. सबमिशन तोंडावर आलं तेव्हा एका रविवारी मी वीसच्या वीस तासांची फाइल लिहून आणली अन् तुझ्यासमोर ठेवली. पहिली चाचणी तुले डाव्या हातानं लिहायले लावली, अक्षर कच्चं दिसावं म्हणून. शेवटची उजव्या हातानं, माझं पाहून पाहून. तुले उलट गंमतच वाटली. ‘एकाच पेनानं नको रे, पकडतीन,’ म्हणाली अन् शेजारून काळा पेन मागून आणला. लॅबचं रजिस्टर महिन्याच्या शेवटी कसं भरतात ते तुले सगळं ठाऊक होतं. पहिल्या दहा सह्या मराठीत. अकराव्या तासापासून इंग्रजीत, कारण प्रगती दिसायले पाहिजे होती. ती इंग्रजी सही मी तुले दहा मिनिटांत शिकवली, रांगोळी काढायले शिकवावी तशी, इकून वळव, तिकून खाली घे. तेवढं मात्र तू पटकन शिकली. पुढं लॅबच्या हजेरीवरही तशीच सही करायले लागली. मले फोन करून सांगतलं होतं.

फाइल पूर्ण इंग्रजीत होती, म्हणून तुझ्याबद्दल काय लिहिलं आहे ते तुझ्या मांडीवर असून तुले समजलं नाही. आज सांगतो. चौदाव्या तासाखाली मी लिहिलं होतं की आज अध्ययनार्थीनं लॅबचा रिपोर्ट स्वतः वाचला, अन् तो चांगला आहे हे आपल्या शब्दांत सांगितलं. हे लिहिताना मले काहीच वाटलं नाही. वाक्य छान जमलं म्हणून दोनदा वाचलं फक्त. मॅडमनं त्याच्याच खाली लाल रेघ ओढून ‘उत्तम’ लिहिलं, अन् फाइल नमुना म्हणून डिपार्टमेंटच्या कपाटात ठेवून घेतली. तुले एकदा घेऊन ये म्हणत होत्या. मी म्हटलं, तिले सुट्टी नाही भेटत.

मंग तुझी ती गाठ. तिचा तुकडा तुझ्याच लॅबमार्फत तपासायले गेला होता. रिपोर्ट आला त्या संध्याकाळी तू घरी आली, चपला काढल्या, अन् पाणी पिण्याच्या आधी म्हणाली, ‘आज साहेबानं स्वतः चहा आणून देला मले.’ मंग पाकीट माझ्यासमोर ठेवलं. फोडलेलं नव्हतं. इतक्या लोकायची पाकिटं वाटणाऱ्या बाईनं स्वतःचं पाकीट ऑटोत मांडीवर धरून आणलं होतं. मी मनात वाचलं. तू म्हणाली, ‘मोठ्यानं वाच. इंग्रजीतच वाच.’ मी वाचलं, भरभर, पॅसेंजरची स्टेशनं सांगावी तसं. तू कागदाकडं पाहत नव्हती, माझ्या तोंडाकडं पाहत होती.

‘काय आहे मंग?’

‘साधी गाठ आहे. काढून टाकतात.’

तू पाकिटाची घडी केली, लॅबमध्ये करायची तशी, नखानं दाबून. म्हणाली, ‘बाकीचे अठरा तास घे आता. पुढच्या खेपेले मीच वाचतो.’ मी म्हटलं, परीक्षा होऊ दे. ज्या साहेबानं इतक्या वर्षांत तुले कधी बस म्हटलं नाही त्यानं चहा आणून दिला, तेव्हाच तुझा रिपोर्ट वाचून झाला होता. हे मले लय उशिरा समजलं. माझ्याकडून तुले अर्थ नव्हता पाहिजे. मी खरं सांगतो का, तेवढंच पाहायचं होतं.

ऑपरेशनच्या सकाळी सिस्टर सहीचा कागद घेऊन आली. कागद इंग्रजीत. ती समजावून सांगायच्याच तयारीत होती, पहिल्या ओळीवर बोटही ठेवलं होतं. तू तेवढ्यात पेन घेतला अन् खाली सही केली, ती दहा मिनिटांवाली, वळणदार. सिस्टरनं सही पाहिली अन् बोट उचललं. ‘अरे वा, काकूंना इंग्रजी येते. मग वाचून घ्या निवांत,’ म्हणाली अन् पुढच्या खाटेकडं गेली. तू मले हाक मारली नाही. कागद डोळ्यांसमोर धरला, वाचायले जितका वेळ लागते तितका वेळ धरला. डोळेही डावीकडून उजवीकडं फिरवले. मंग कागद उलटवला, मागची बाजू कोरी होती, ती बी पाहिली. मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. गरज पडली तर एका बाजूची छाती पूर्ण काढतील, असं त्यात लिहिलं होतं. मी सांगू शकत होतो. सांगतलं असतं तर माझी साधी गाठ खोटी पडली असती. ऑपरेशननंतर तू शुद्धीवर आली, हात सपाट पट्टीवर नेला, थोडा वेळ तिथंच ठेवला, अन् मंग माझ्याकडं पाहिलं. त्यानंतर आठ महिने तू होती. आठ महिन्यांत अठरा तास निघत नाहीत असं कोणाले सांगावं मी? मी घरीच होतो त्यातला अर्धा वेळ. पण पहिल्याच तासाले तू तुझं ते पाकीट पुढं केलं असतं, अन् मले तो तास तुझ्याच रिपोर्टवरून शिकवावा लागला असता.

आजच्या पोरीले मी विचारलं, ही बाई कोण आहे? आधी घाबरली, मंग हसली. ‘सर, सगळे हीच फाइल उतरवतात. लय हुशार आहे ही बाई. चौदाव्या तासाले रिपोर्ट वाचते.’ मी विचारलं, घरी कोणाले येत नाही का इंग्रजी? म्हणाली, ‘आईले नाही येत ना सर. पण तिले वेळ कुठं असते, मले तरी कुठं आहे?’ माझ्या जिभेवर आलं होतं की जा, ही परत घेऊन जा, अन् आजपासून घरी बस तिच्याजवळ, ती जे म्हणन ते शिकव, टाचण गेलं उडत. आलं होतं, बोललो नाही. बोललो असतो तर ती नमुन्याची फाइल कोणाची ते सांगावं लागलं असतं. सही केली अन् परत दिली. ही पहिली नाही. दरवर्षी एक-दोन येतात. कधी तू अंजनगावची असते, कधी नांदगाव खंडेश्वरची, एका खेपेले तर नांदगाव पेठच्या सूत गिरणीत होती. या पोरीनं आळसानं गावसुद्धा बदललं नाही. दहा वर्षांपासून तू चौदाव्या तासाले रिपोर्ट वाचून राहिली आहे, अन् दहा वर्षांपासून तो चांगलाच निघून राहिला आहे.

हे पत्र कुठं टाकायचं ते माहीत नाही. कपाटातल्या त्या फाइलीत ठेवावं असं मनात आलं होतं, म्हणजे पुढच्या बॅचच्या हाती लागलं असतं. नाही ठेवणार, तेवढी हिंमत नाही मले. अन् एक सांगून टाकतो. आधी मी हे इंग्रजीत लिहायले घेतलं होतं. साडेतीन पानं झाली. त्या फाइलीसारखंच लय सोपं जात होतं, एकही ओळ खोडावी लागली नाही. मंग काहून सोपं जात आहे ते ध्यानात आलं, अन् थांबलो. ती पानं अजून फाडली नाहीत.