उलटं काढलेलं हृदय

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुम्ही चष्म्यावरून बघाल ही भीती गेलेली नाही. सगळ्यांकडे तुम्ही तसंच बघत होतात. सोलापुरात मार्शल लॉ लागून लष्कर येऊन गेलं त्या वर्षी आम्ही मॅट्रिकला होतो. वर्गात दोघं कुजबुजले की तुम्ही आधी दार लावायचात आणि मग विचारायचात. माझा संशयी स्वभाव तुमच्याकडूनच आला, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. ते सोयीचं होतं.

शरीरशास्त्राचे अवघड प्रश्न आम्ही तिघांनी वाटून घेतले होते. ज्याच्या वाट्याला जो येईल, तो त्यानं बाकीच्यांना शिकवायचा. पचन माझ्याकडे, मेंदू माढ्याहून येऊन बोर्डिंगात राहणाऱ्या मित्राकडे आणि हृदय विणकराच्या मुलाकडे. आम्ही त्याच्या घरी मागाशेजारी बसलोय. वडील माग चालवतायत, आई तेलुगूत काही पुटपुटत ताक ठेवून जाते आणि तो पाटीवर हृदय काढतो. जाड भिंतीचा डावा कप्पा तो आमच्या डाव्या हाताला काढतो. पुस्तकात तो उजव्या हाताला आहे. "पुस्तकवाल्यानं उलट्या बाजूनं काढलंय की," तो म्हणतो. "मी सुलटं करून दिलं." माढ्याचा मित्र मान डोलावतो. घरी येऊन मी पुस्तक उघडतो. चित्रातला माणूस आपल्याकडे तोंड करून उभा आहे, म्हणून त्याची डावी बाजू आपल्या उजवीकडे येते, एवढंच. हे वर्गात पहिला नंबर काढणाऱ्या या मुलाला कळू नये? शिष्यवृत्ती एकालाच मिळणार होती. हा मुद्दाम चुकीचं शिकवतोय, असं माझ्या मनानं घेतलं. चाचणी परीक्षेला आठ दिवस होते. मी कुणाला काही बोललो नाही.

चाचणीत हृदय आलं. दोघांची चित्रं उलटी निघाली, माढ्याच्या मित्राचं आणि त्याच्या मागच्या बाकावर बसलेल्या विणकराच्या मुलाचंही. त्यानं आम्हाला फसवलं नव्हतं, हे मला तुमच्या टेबलावर ते दोन पेपर शेजारीशेजारी बघून कळलं. तुम्हाला त्यात कॉपी दिसली.

"न्हाय सर," माढ्याचा म्हणाला. "त्यानंच आमाला शिकवलं. लई जीव लावून."

तुम्ही माझ्याकडे वळलात. "तू यांच्यात असतोस ना? मग तुझं बरोबर कसं?"

खरं सांगितलं असतं तर दोघंही सुटले असते आणि माझे आठ दिवस उघडे पडले असते. "मी एकटाच अभ्यास करतो, सर," मी म्हणालो. विणकराच्या मुलानं माझ्याकडे पाहिलं. मागच्या बाकावरून त्यानंच बघून काढलं असं ठरवून तुम्ही त्याचा मॅट्रिकचा फॉर्म अडवलात. तुम्ही खरंच माझ्यावर विश्वास ठेवलात, की तुम्हाला कोणीतरी दोषी हवाच होता, हे मला अजून ठरवता येत नाही. शिष्यवृत्ती मला मिळाली.

परवा मुलीच्या लग्नाची साडी घ्यायला त्या विणकराच्या मुलाकडेच गेलो. तो मागावर बसलेला. मधूनच विणलेल्या कापडाखाली आरसा धरून बघत होता. कशाला, म्हणून विचारलं. "सुलटी बाजू खाली असती," तो म्हणाला. "वरनं दिसतं ते उलटं. लहानपणापासनं आमची हीच सवय की." मी साडीच्या काठाकडे बघत राहिलो. जे समोर दिसतं ते उलटंच असणार, हे तो घरीच शिकला होता. मग त्यानं आरसा बाजूला ठेवला आणि अगदी सहज विचारलं, "त्या वर्षी तुझं बरोबर कसं आलं रे?" हा प्रश्न साधा होता की त्याला सगळं कधीपासूनच माहीत आहे? घरी येईपर्यंत मी तेच घोळवत होतो.

त्याला मी सांगितलं, सरांनी मला वेगळं शिकवलं होतं. म्हणजे तेही तुमच्यावरच ढकललं. हे पत्र तुम्हाला पोचणार नाही, म्हणूनच तुम्हाला लिहिलं. तो इथून तीन गल्ल्यांवर राहतो.