लाइन सोडली

१२ डिसेंबर २००६, महागाव
कापसाची बैलबंडी खरेदी केंद्राच्या लाइनीत लावली. पुढं एकोणसत्तर बंड्या! धनी हरभऱ्याच्या पाण्यासाठी घरी — वीज कधी येईल नेम नाही. म्हणून मी बसली. पोरीची, राखीची, जुनी वही आणली. चौथीपर्यंत शिकली मी, लिहून पाहते.

१३ डिसेंबर
गंमत आहे. इथं बंड्यांची लाइन. धनी म्हणतात लाइन गेली, म्हणजे वीज गेली. आज राखी भाकर घेऊन आली तर एक पोट्टा टकमक पाहे. मागच्या बंडीचा डोंगरसिंगभाऊ म्हणे, "लाइन मारून राह्यला लेकाचा!" मी बैल हाकायची तुतारी उगारली, पळाला. इंग्रजाले दुसरा शब्दच नव्हता काय?

१४ डिसेंबर
एक बंडी सरकली नाही.

१५ डिसेंबर
सोमवारी यवतमाळले पोलीस भरती. राखीले जायचं आहे. दोन वर्षं झाली, रोज सकाळी डांबरी रस्त्यावर अनवाणी धावते. धनी म्हणाले, "एकटी पोरगी जात नाही. तुही याडी तिकडं कापसाजवळ." मग मीच, तिची माय, अडवून बसली ना तिले!
विचारलं, भरती झाली तर राहायचं कुठं?
"पोलीस लाइनीत, याडी."
घ्या! तिथंही लाइन! म्हटलं, उभ्यानं झोपता काय? लई हसली. पक्की घरं असतात म्हणे, आत नळ.

१७ डिसेंबर
पुढं फक्त अकरा. बैलं घरी धाडलेली. इथला कायदा असा — लाइन हालली की आपली बंडी आपणच लोटायची, नाही तर मागचे पुढं जातात. डोंगरसिंगभाऊले विचारलं, दोन दिवस माही लोटता काय?
"पोरीले पोलीस करतं? उद्या तुलेच डंडा हाणन! माही लोटू का तुही?"
नको लोटू! बंडी तशीच सोडली. चारच्या यष्टीनं राखीले घेऊन निघाली. धन्याले निरोप धाडला, विचारलं नाही.

१८ डिसेंबर, यवतमाळ
केवढ्या पोरी! एकेकीच्या पायात पांढरे जोडे. आमची अनवाणी. तरी धावण्यात चौथी आली! टाचेले फोड. निकाल मागून लागन.

१९ डिसेंबर, महागाव
बंडी शेवटी गेली असंल असंच धरून आली. पाहते तर वजनाच्या काट्याजवळ, पहिली! मागं डोंगरसिंगभाऊ, खांदा सोललेला.
त्याले भरतीचं सांगितलं, पोरींच्या पांढऱ्या जोड्यांचंही. मग म्हटलं, "कायले लोटली?"
माझ्याकडं पाह्यलं नाही. "माही नात आठवीत हाय. ते पांढरे जोडे कुठं भेटते, राखीले विचारून ठेव."