महादूच्या नावाचं पान

प्रिय महादू,

तू जाऊन सहा वर्षं झाली, त्यामुळे हे पत्र टपालात टाकता येणार नाही. तरी तक्रार तुझ्याकडेच करायची आहे.

पितृपक्षात तुझ्या नावाच्या पानावर दरवर्षी मीच जेवतो. कावेरीवहिनी वाढताना म्हणतात, "भावजी, आणखी दोन वडे घेवा, ह्यांका आवडत होते." खीरही तुझ्यासाठी दोनदा. असं वाडीतल्या अकरा गेलेल्यांचं मी जेवतो. वर्षभर काय खातो, ते इथे लिहीत नाही.

परवा आचऱ्याला चष्म्याचा नंबर काढायला गेलो. डॉक्टरीणबाई डोळ्यात बघून म्हणाल्या, "आतल्या बारीक रक्तवाहिन्या दुधाळ दिसतायत. रक्तात चरबी फार आहे, हृदयाला धोका आहे." मला थेट वहिनींच्या खिरीतला नारळाचा रस आठवला. मी म्हटलं, हे जेवण माझं नव्हे, मित्राचं. त्यांनी गोळ्या मात्र माझ्याच नावावर लिहिल्या.

तुझा म्हाळ गुरुवारी आहे. मी जेवताना वहिनी समोर बसून बघतात, तूच जेवतोयस असं. त्यांना नको म्हणणं मला जमत नाही. तेव्हा तूच त्यांच्या स्वप्नात जा आणि यंदा पेज माग. नाहीतर पुढच्या वर्षी मी तिकडे तुझ्या शेजारी असेन, आणि इकडे आपल्या दोघांचं जेवायला कोणी नसेल.

तुझ्या वाटचं जेवणारा,
जनू