सोन्याला लावलेली शिस्त

४ मार्च
ही आज मुलीकडे गेली. बाळ लहान, मुलीची एकटीची धावपळ होते. जावई वीस तारखेनंतर कामासाठी महिनाभर बाहेरगावी जाणार आहे, तेव्हा मुलगी नातीला घेऊन इथे राहायला येईल. बहुतेक. हे ‘बहुतेक’ कुठून आलं विचारलं, तर ही म्हणाली, बाबांचा स्वभाव बाळाला झेपेल का ते आधी बघू, असं मुलीचं म्हणणं आहे. मला हसू आलं. मी मुळात शांत माणूस. कारखान्यात मला ‘तोफ’ म्हणायचे, ते माझं बोलणं स्पष्ट असायचं म्हणून.

माझ्यावर कामं दोनच. मागच्या अंगणात भाजीचा वाफा करायचा आणि हिचा कोंबडा सांभाळायचा. कोंबड्याचं नाव सोन्या. हिने त्याला पिल्लू असल्यापासून बुटांच्या खोक्यात वाढवलाय. हिच्या मांडीवर झोपतो. माझा त्याच्यावर काही राग नाही.

५ मार्च
वाफा खणला. कुदळीचा दांडा मोडला. हल्ली लाकूड चांगलं येत नाही. टोमॅटोची रोपं लावली, पालक पेरला.

दुपारी सोन्याने सगळं उकरून ठेवलं. मी त्याला समजावलं. म्हणजे जवळ जाऊन पाय आपटला. तर हा उडाला आणि पायामागचा काटा माझ्या पोटरीत खुपसला. मोज्यात रक्त. पहिलीच वेळ म्हणून माफ केलं.

७ मार्च
माफी वाया गेली. आज दुसरी पोटरी.

शेजारच्या रिटायर्ड नर्सबाईंनी पट्टी बांधली. म्हणाल्या, कोंबड्यासमोर पाय आपटणं म्हणजे त्याला कुस्तीला बोलावणं. त्याच्याकडे न बघता, बाजूने हळू चालत जा, मग तो तुमच्याकडे ढुंकून बघणार नाही. बाई चांगल्या आहेत, पण अख्खी शिफ्ट माझ्या एका हाकेवर हलायची. मी कोंबड्याला वाट देऊ? उद्यापासून शिस्त. नियम एकच, मागे हटायचं नाही.

९ मार्च
गमबूट, जुनं हेल्मेट, हातात कचऱ्याच्या डब्याचं झाकण. हे भांडण नव्हे, सेफ्टी आहे.

सोन्या छातीवर आला. झाकणाने उडवला, तो पाण्याच्या टबात पडला. बाहेर आला, अंग झटकलं, परत आला. परत उडवला. परत आला. असं बराच वेळ. शेवटी तो माझ्या हेल्मेटवर बसून काचेवर चोची मारायला लागला. मी झाकण फेकलं. स्वयंपाकघराच्या खिडकीची काच गेली.

हिचा फोन आला तेव्हा वाऱ्याने काच फुटली म्हणून सांगितलं. इथे वारा फार आहे.

१२ मार्च
आज बागेतल्या बाकी कामांचा फडशा पाडला. गोगलगायी विटेने ठेचल्या. कुंपणाची झुडपं छाटली. रागाने नाही, जोमाने. जरा जास्त छाटली गेली, आता नुसते खुंट उरलेत. एका दोरीचाही तुकडा पडला, तिच्यावर नर्सबाईंच्या चादरी वाळत होत्या. त्या बाहेर आल्या. चादरी चिखलातून उचलून आत गेल्या.

संध्याकाळी मुलीने विचारलं, तुमचं आणि सोन्याचं जमतं ना? म्हटलं, अगदी सख्ख्या भावांसारखं. लहानपणी माझ्या भावाचा दात मीच पाडला होता, हे तिला माहीत नाही.

१५ मार्च
आज सोन्याने भुवई फोडली. डोळा थोडक्यात वाचला.

मी त्याला दोन्ही पायांना धरून उलटा टांगला. दुसरा हात मानेवर होता. एक पीळ दिला की संपलं असतं. पंख माझ्या तोंडावर आपटत होते, मी ओरडत होतो, काय ओरडलो ते आठवत नाही. मग तो एकदम गप्प झाला. हाताला त्याची धडधड लागत होती. माझीही होत होती, पण ती श्रमाने.

सोडून दिला. अवजारांच्या खोलीत कोंडला. याला संयम म्हणतात. मुलीने हे बघायला हवं होतं.

नर्सबाईंच्या घराची खिडकी उघडी होती. त्या आत सरकल्या.

१७ मार्च
ठरलं. मुलगी बाळाला घेऊन वीसला येणार. ही म्हणाली, आधी दोन तास थांबून बघू, मग मुलगी ठरवेल. मी म्हटलं, बघण्यासारखं काय आहे, मी आहेच.

पाळणा घासून पुसला. पुढच्या खोलीत ठेवला, मग ऊन येतं म्हणून मधल्या खोलीत, मग परत पुढे. नवीन काच बसवली. वाफ्यात नवी रोपं. सोन्या अवजारांच्या खोलीच्या जाळीतून बघत होता. मीही बघितलं. पापणी त्याने आधी मिटली. शिस्त लागतेय.

२० मार्च, दुपार
सगळं नीट लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कुणी वेडंवाकडं सांगायला नको.

सकाळी अवजारांच्या खोलीचं दार मी स्वतः उघडलं. मोठ्या मनाने. सोन्या सरळ वाफ्यात गेला. रोपं उपटली, एकामागून एक. माझ्याकडे बघत. मी फावडं घेऊन धावलो. तो अंगावर आला, मी मारलं, चुकलं. परत मारलं, पाइप तुटला, पाणी उडालं. भुवईची जखम उघडली, एका डोळ्याने काही दिसेना. तो फाटकाकडे पळाला. मी फावडं फेकलं.

फावडं फाटकाच्या लाकडात रुतलं. फाटकापलीकडे मुलगी उभी होती. बाळ खांद्यावर. ठरल्या वेळेच्या आधीच आले होते.

 बाळ झोपलेलंच होतं.

मी म्हटलं, “अगं, मी चिडलेलो नाही.”

मुलगी म्हणाली, “माहीत आहे, बाबा. मी लहान होते तेव्हाही तुम्ही चिडलेले नसायचात.”

ती वळली आणि गाडीत बसली. जावई दार उघडं धरून उभा होता. ही आत आली, सोन्याला एका हाताने उचललं. तो लगेच शांत झाला, लबाड. कपाटातून चार कपडे घेतले. मी विचारलं, कधी येणार. ही म्हणाली, रक्त पुसून घ्या.

२१ मार्च
अंगण सपाट करून घेतलं. तुटलेला पाइप बांधला. फावडं लाकडातून निघत नाही, दोनदा प्रयत्न केला, मग सोडून दिलं.

मुलीला फोन लावत होतो. नेम कोंबड्यावर होता, तिच्यावर नव्हता, एवढंच सांगायचं होतं. तिने उचलला नाही. बाळाचा चेहराही बघायचा राहिला, खांद्यावर फक्त टोपी दिसली. पिवळी.

संध्याकाळी जावयाने फोन उचलला. म्हणाला, त्याने बाहेरगावी जाणं रद्द केलंय, त्यामुळे आता इकडे यायची गरज पडणार नाही. मुलगी झोपली आहे, बाळही.

बाळ झोपलंय म्हणून मी अगदी हळू ‘बरं’ म्हटलं. त्याला ऐकू गेलं नाही. तो दोनदा हॅलो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.