सरत्या वर्षाचे मानकरी

२ डिसेंबर

मानवजातीच्या ऱ्हासाला नेमकी कधी सुरुवात झाली याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. माझ्यापुरता हा वाद आज मिटला. कार्यालयात चहाचं यंत्र आलं. बटण दाबलं की आधी फुरफुर, मग एक हुंदका, मग कागदी पेल्याच्या बुडाला जेमतेम लागेल इतका कोमट द्रव. याला चहा म्हणणं हा शब्दकोशाशी द्रोह आहे. पेला असा नाजूक की धरला की आक्रसतो आणि आतला द्रव बाहेर डोकावून जातो. व्यवस्थापनाकडे लेखी निषेध नोंदवायचं ठरवलं. मसुदा मनात तयार आहे. सुरुवात ‘महोदय’ने करायची की थेट यंत्रापासून, एवढंच ठरायचं आहे.

बाकी विशेष नाही. वर्षअखेरीची पुरवणी संपादकांनी यंदाही माझ्याकडेच दिली. वर्षातल्या ठळक घटना, मानसन्मान, निधनं. म्हणाले, शेवटची पुरवणी आहे, मनासारखी करा. (वर्षातली शेवटची, असा अर्थ.) वर म्हणाले, शिष्येला सोबत घ्या, कुठे काय ठेवलंय ते तिला एकदा दाखवून ठेवा.

शिष्या म्हणजे आमच्याकडची तरुण वार्ताहर. तिला पहिली बातमी लिहायला मी शिकवली, म्हणून मी तिला शिष्या म्हणतो. ती मला सर म्हणते, पण मोबाइलमधून मान वर न काढता.

मोठी जबाबदारी यायची असल्याशिवाय हाताखाली कोणी माणूस देत नाही. संपादकांचा रोख माझ्या लक्षात आला आहे. न आल्यासारखं दाखवलं.

५ डिसेंबर

संकल्प : रोज दहाच्या ठोक्याला कार्यालयात. कुणाचं व्याकरण तोंडावर सुधारायचं नाही. यंत्राचा चहा प्यायचा नाही.

पावणेअकराला पोचलो. चहा प्यालो. संपादकांच्या सूचनापत्रातल्या तीन चुका त्यांच्या नजरेस आणल्या. ते म्हणाले, तुमची आठवण येईल हो. प्रेमळ माणूस. पुढच्या आठवड्यात दौऱ्यावर जाणार असतील.

वर्ष तपासायला घेतलं. तीन मंत्र्यांनी राजीनामे दिले. दोघांनी परत घेतले, तिसऱ्याकडे कुणी मागितलाच नव्हता. एका वृद्ध कवीला सर्वोच्च सन्मान मिळाला, त्यामुळे ते हयात आहेत हे सगळ्यांना कळलं. एका धावपटूचं पदक काढून घेतलं, जिला दिलं तिचंही काढून घेतलं. चौथ्या आलेल्या मुलीला आता झोप लागत नसेल.

आणि आपल्या शहरातला पूल. खांबांना तडे गेल्याची बातमी शिष्येने दिली, आरडाओरड झाली, पूल बंद झाला, आणि आठवडा उलटायच्या आत मधला भाग आपणहून खाली बसला. वर-खाली कुणी नव्हतं. बातमी बरी होती. वाक्यं तोकडी, विशेषणांचा दुष्काळ. पूलबांधणीचा प्राचीन इतिहास मी तिला द्यायला तयार होतो. ती म्हणाली, सर, आधी लोकांना खाली उतरवू या, मग इतिहास.

८ डिसेंबर

आनंदाची वार्ता. (इथेही दबक्या आवाजातच लिहितो.)

गुरुबंधूचा फोन. पूर्वी आम्ही एकाच टेबलावर बसायचो. आता तो वार्ताहर संघाच्या निवड समितीवर आहे. ‘वर्षाचा वार्ताहर’ हा सन्मान हीच समिती देते. इकडचं तिकडचं बोलून म्हणाला, परवाच्या बैठकीत तुझं नाव निघालं होतं रे. छातीत धडधडलं. कोणत्या संदर्भात, असं मी अलिप्तपणे विचारलं. तो म्हणाला, फोनवर नको. सगळेच हळहळले मात्र.

साहजिक आहे. इतक्या उशिरा मिळतोय, हळहळणारच. निकाल २७ तारखेला.

सौ.ला सूचक शब्दांत सांगितलं. तिने भाजी ढवळता ढवळता विचारलं, ते असू दे, पण त्या एचआरच्या बाई तुम्हाला भेटायला बोलावत होत्या, त्याचं काय झालं? म्हटलं, सन्मानापूर्वी माणसाची सगळीकडून चौकशी होतेच. ती म्हणाली, तरी एकदा भेटून घ्या. बायकांना एचआर या शब्दाची उगाच धास्ती असते.

११ डिसेंबर

संपादक म्हणाले, ठेवणीतले मृत्युलेख शिष्येच्या हवाली करा.

हे माझं खास दालन. मोठी माणसं धडधाकट असतानाच आम्ही त्यांच्यावरचे लेख लिहून ठेवतो; वेळ आली की तारीख आणि वय भरायचं. एका गायिकेवरचा माझा लेख इतका उतरला आहे की तिच्या आजारपणाची बातमी आली की मन उगाच आशेने भरून येतं. मग ती बरी होते. असो.

शिष्येने दुपारभर वाचले. मी अभिप्रायाची वाट पाहत तिच्या टेबलावरून चार चकरा मारल्या. शेवटी म्हणाली, सर, प्रत्येकाच्या जाण्याने कधीही न भरून येणारी पोकळी कशी काय निर्माण होते? एवढ्या पोकळ्या झाल्यावर माणसाने पाय कुठे ठेवायचा? आसपासचे हसले. मीही हसलो, गुरूने हसावं तितपत.

पण हे जोखमीचं काम माझ्याकडून काढलं, याचा अर्थ मला मोकळा करताहेत. कशासाठी, ते कळेलच.

१५ डिसेंबर

कळलं! जिन्यात संपादक भेटले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, नव्या वर्षात तुम्हाला स्वतःचं असं काही लिहायला भरपूर वेळ मिळेल.

साप्ताहिक स्तंभ! इतकी वर्षं मी मनातल्या मनात ज्याची शीर्षकं जुळवत आलो, तो. ‘देहलीदीप’ कसं वाटतं? उंबरठ्यावरचा दिवा, घरातही उजेड आणि अंगणातही. सौ.ला सांगितलं. तिने विचारलं, ‘स्तंभ’ हा शब्द ते स्वतः म्हणाले का? म्हटलं, मोठी माणसं शब्द वापरत नाहीत, अर्थ वापरतात. तिने मान डोलावली आणि म्हणाली, वरच्या मजल्यावरची दोन मुलं भाषेत कच्ची आहेत, संध्याकाळी शिकवाल का? मी स्तंभलेखनाबद्दल बोलतो आहे आणि हिचं भलतंच.

संकल्प : पहिले दहा लेख महिनाअखेरपर्यंत हातावेगळे.

संध्याकाळी बसलो. शीर्षक लिहिलं. त्याखाली रेघ मारली. रेघ चांगली आली.

१९ डिसेंबर

एचआरच्या बाई स्वतः टेबलापाशी आल्या. खूप मृदू बोलतात, दवाखान्यात बोलतात तसं. सर, दहाच मिनिटं द्या. म्हटलं, पुरवणी डोक्यावर आहे, सत्तावीसनंतर बघू. म्हणाल्या, चालेल सर, पण एकतीसच्या पुढे नाही जमणार. सन्मानाची नोंद सेवापुस्तकात याच वर्षात पडायला हवी, हे उघड आहे.

‘देहलीदीप’ : शीर्षक बदलावं असं वाटू लागलं आहे. त्यामुळे लेख थांबला.

२३ डिसेंबर

आज एक धाडसी संपादकीय निर्णय.

पुरवणी वाटली जाते एकतीसला, पण छापून होते उद्याच. म्हणजे सत्तावीसचा सन्मान मानसन्मानांच्या पानावर येणारच नाही. गेल्या वर्षाचा मानकरीही असाच हुकला होता, पण तो दुसऱ्या वर्तमानपत्राचा होता, म्हणून मी फारसं मनाला लावून घेतलं नाही. या वेळी तत्त्वाचा प्रश्न आहे.

पान लावणाऱ्या गृहस्थांना आम्ही सेंटिमीटर म्हणतो, कारण ते लेखकाकडे त्याच मापाने बघतात. त्यांना माझ्या सन्मानाच्या चार ओळी दिल्या. त्यांनी वाचल्या. चष्मा काढून पुन्हा वाचल्या. म्हणाले, साहेब, हे झालंय का? म्हटलं, झाल्यातच जमा आहे. ते म्हणाले, न झालेलं छापायचं नाही, हे तुम्हीच सगळ्यांना सांगत आलात. मी म्हटलं, मृत्युलेख नाही का आपण आधी लिहून ठेवत? ते म्हणाले, माणूस मरणार हे तरी त्यात नक्की असतं.

वितंडवाद. मी जबाबदारी माझ्यावर घेतली.

जागा नव्हती. घटनांतून चार ओळी काढाव्या लागल्या. पूल काढला. सरत्या वर्षाच्या निरोपाला वाचकांना तडे कशाला दाखवायचे? सेंटिमीटर म्हणाले, अहो, ती आपल्या पोरीची बातमी आहे. म्हटलं, संपादन म्हणजे निष्ठुरता. त्यांनी चष्मा लावला आणि पूल पाडला. मला आपलं वाटलं, त्यांना पटलं.

मजकुरात स्वतःसाठी ‘व्यासंगी’ हा शब्द होता. विनयाखातर काढला. ओळ आखूड दिसू लागली. ‘अत्यंत व्यासंगी’ केलं.

२७ डिसेंबर

कोट घातला. सौ.ने येऊ का म्हणून विचारलं. म्हटलं, गर्दी असेल, तू वर्तमानपत्रातच वाच.

सभागृहात दुसऱ्या रांगेत, कडेची खुर्ची, उठायला सोपी. भाषणं लांबली. मग अध्यक्ष म्हणाले, एका लेखणीने शेकडो जीव वाचवले. मी उठू लागलो. अध्यक्षांनी नाव घेतलं.

शिष्येचं.

अर्धवट उठलेल्या माणसाला दोनच मार्ग असतात : टाळ्या वाजवत पूर्ण उठणं किंवा बाहेरची वाट धरणं. मी टाळ्या वाजवल्या. मला पाहून शेजारचे उठले, मग मागचे, मग सगळं सभागृह. तिला उभं राहून मिळालेली मानवंदना ही माझी कामगिरी आहे, पण त्याची कुठे नोंद होणार नाही. ती दोनच वाक्यं बोलली. पैकी एक : पहिली बातमी मला सरांनी लिहायला शिकवली. लोक वळून माझ्याकडे बघू लागले. मी मान लववली.

एक बातमी नेमकी पडली, यात काय मोठंसं? भुंगा लाकूड पोखरतो, त्यात एखादं अक्षर उमटतं. शास्त्रात याला घुणाक्षरन्याय म्हणतात. भुंग्याला कोणी स्मृतिचिन्ह देत नाही.

बाहेर गुरुबंधू भेटला. म्हटलं, माझं नाव निघालं होतं ना? तो इकडेतिकडे बघत म्हणाला, अरे, पुरस्कारात नव्हे. तुमच्याकडे कुणाकुणाला काढताहेत त्यावर बोलणं चाललं होतं. तुला अजून कुणी सांगितलं नाही?

म्हटलं, सांगितलंय की. स्तंभ देताहेत.

त्याने माझ्या कोटाची कॉलर सरळ केली.

घरी निकाल पुढे ढकलल्याचं सांगितलं. मग एकदम त्या चार ओळी आठवल्या.

२८ डिसेंबर

योजना पहिली : पुरवणीचे गठ्ठे अडवायचे. छापखान्यात फोन केला. गठ्ठे परवाच विक्रेत्यांकडे गेले. आमच्याकडे वेळेवर फक्त हेच होतं.

योजना दुसरी : संपादकांना भेटून स्वच्छ कबुली. ते मीटिंगमध्ये होते. दाराच्या काचेतून शिष्या आत बसलेली दिसली. उद्या सांगू.

योजना तिसरी : खुलासा. ‘अनवधानाने’ हा शब्द लिहून झाला आहे.

२९ डिसेंबर

कार्यालयीन प्रत शिष्येच्या हातात. थेट माझ्याकडे आली. मी तीन स्पष्टीकरणं तयार ठेवली होती, त्यातलं मधलं उत्कृष्ट होतं. भांडली असती तर वापरता आलं असतं.

म्हणाली, असू द्या सर. पुरवणी कोण वाचतं?

सांत्वन म्हणून म्हणाली. मनापासून. मग विचारलं, जुने फोटो कोणत्या कपाटात असतात? मी दाखवलं. तिने आभार मानले. या वेळी मान वर करून.

३१ डिसेंबर

पुरवणी घरोघर गेली. सकाळपासून फोनजवळ बसलो. ही धादांत खोटी बातमी छापून आली आहे, असं सांगायला एकाही वाचकाचा फोन आला नाही. अभिनंदनाचाही नाही.

चार वाजता संपादकांनी बोलावलं. एचआरच्या बाई होत्याच. बसायच्या आधीच मी कबुली दिली, त्या चार ओळींचा मला खेद आहे, वगैरे. संपादकांनी बाईंकडे पाहिलं, बाईंनी संपादकांकडे. मग संपादकांनी विचारलं, कुठल्या चार ओळी?

त्यांनीही पुरवणी वाचली नव्हती.

पुरवणी विभागच बंद होतो आहे. निर्णय नोव्हेंबरातला. मी पूल ठेवला असता तरी हेच, आणि काढला तरी हेच. संपादक कळवळून म्हणाले, अहो, मी महिनाभर तुम्हाला सुचवतच होतो. खरं आहे. सुचवत होते.

घरी आलो. पुरवणी टेबलावर होती, मानसन्मानांचं पान वर करून घडी घातलेली. म्हणजे सौ.ने त्या ओळी वाचल्या. नवऱ्याचं नाव छापून आलंय, पण ती अभिनंदन म्हणाली नाही. निकाल पुढे ढकलला होता ना, असंही विचारलं नाही. फक्त म्हणाली, हातपाय धुऊन घ्या, पान वाढते. जेवताना ती वरच्या मजल्यावरच्या मुलांबद्दल बोलत होती; त्यांच्या आईशी तिने गेल्याच महिन्यात बोलून ठेवलं आहे.

गेल्या महिन्यात. म्हणजे नोव्हेंबरात.

नोकरी गेल्याचं मी तिला अजून सांगितलेलं नाही. ती रागावेल, रडेल, याची काळजी नाही. काळजी ही आहे की तिला हे माझ्याआधीपासून माहीत आहे, आणि माझ्याकडून याहून वेगळं काही होईल असं तिला कधी वाटलंच नव्हतं.