पाच उस्ताद, एक चिठ्ठी

३ मार्च
सौ. ताईस,
सा. न. वि. वि.
मी खुशाल, दाढी वाढली आहे. इथे घड्याळदुरुस्तीच्या मोठ्या कारखान्यात एक जागा निघालीय. मालकीणबाईंनी एक नाजूक घड्याळ उघडायला देऊन हात पाहिला आणि विचारलं, तुला ओळखतं कोण? पाच दुकानांत काम केलंय म्हटलं, तर म्हणाल्या, त्यातल्या एका उस्तादाची चिठ्ठी वीस तारखेपर्यंत आण. आता आली पंचाईत! पाचही ठिकाणांहून मी न सांगताच निघालो. दाजींच्या ओळखीचं कोणी आहे का? बाकी, खिडकीत एक मांजर रोज बरोबर सव्वाचारला येतं. आत कुठली स्प्रिंग बसवलीय देव जाणे.
लोभ आहेच, ओरडा तेवढा कमी कर.
भटक्या

७ मार्च
चि. भटक्यास,
अ. उ. आ.
दाजी शाळेत चित्रकला शिकवतात. त्यांच्या शब्दावर तुला फार तर खडू मिळतील. तहान लागली की विहीर खणायची, ही तुझी जुनीच खोड. पाचही जणांना पत्र टाक. आधी खुशाली विचार, कामाचं मागाहून. माणसं काय औषधाची बाटली आहेत, दुखलं की शोधायची? आणि मांजर पुरे.
दाढी काढ. लोभ आहे म्हणूनच लिहिते.
ताई

१९ मार्च
सौ. ताईस,
सा. न. वि. वि.
पाचांना लिहिलं. तिघं गप्प. चौथ्यांनी कळवलं, आधी माझा चिमटा परत कर. (नेला होता खरा. पाठवला.) राहिले ते म्हातारे उस्ताद, ज्यांनी मला डोळ्याला भिंग लावायला शिकवलं. त्यांची खुशाली विचारता विचारता दोन पानं मांजरावर गेली आणि चिठ्ठी मागायची राहूनच गेली. उत्तर त्यांच्या सुनेच्या अक्षरात आलं, की ते फार हसले, पण आता त्यांना दिसत नाही, जमलं तर येऊन जा.
गेलो. तीन दिवस त्यांची अडलेली घड्याळं उघडली. ते कानाला लावून दोष सांगत, मी हात चालवी. काल धीर करून चिठ्ठीचं बोललो. म्हणाले, एवढंच ना, घे लिहून: याचा हात चोख आहे. पण पायाला भिंगरी आहे, अर्धं काम टाकून पळतो.
ताई, त्यांना दिसत नाही. पहिल्या वाक्यावर थांबून सही घेता आली असती. पेन थांबलंही होतं. वाचून दाखव, असंसुद्धा ते म्हणाले नाहीत.
लिहिलं सगळं. सही ओळ सोडून खाली घसरलीय.
उद्या हीच चिठ्ठी बाईंपुढे ठेवतो. नाही म्हणाल्या तर म्हणोत. जे होईल ते उस्तादांना रविवारी कळवायचंय, त्यांच्या सुनेला सांगून आलोय वाचून दाखवायला.
तुझा लोभ असाच राहो.
भटक्या