बुरुजावरचा सोसाट्याचा वारा

तीर्थरूप भाऊजींना, धाकट्या मेव्हण्याचा उभ्याउभ्याच साष्टांग नमस्कार (गुडघे वाकत नाहीत, कारण पुढे येईलच).

आपली पाठ, मान आणि मत, तिन्ही नेहमीसारखी ताठ असतील अशी आशा करतो. पत्र अशासाठी लिहितोय, की फोनवर तुम्ही मला ‘हॅलो’च्या पुढे जाऊ देत नाही. कामासाठी इकडे आलोच होतो, एक दिवस मोकळा मिळाला, म्हटलं तुमचं ते डोंगरावरचं जुनं शहर एकदाचं बघून टाकू. तुमच्या लग्नापासून आपल्या घरात जे जे ठरलं ते या शहराच्या जिवावर. ‘मी तो बुरूज चढून आलोय, मला जग शिकवू नका,’ असं म्हणून तुम्ही हॉलमधल्या फोटोकडे बोट दाखवलंत की विषय संपला. परवा छकुलीचाही तसाच संपवलात. (पंचवीस वर्षांची आहे तुमची लेक, पूल बांधायचं शिकलीय, लांबच्या शहरात चांगली नोकरी लागलीय, पण एकटी मुलगी परक्या गावात? छे! मी जग पाहिलंय!) पोरगी तेव्हापासून धड जेवत नाही. कंपनी महिनाअखेरपर्यंतच थांबणार आहे, हे आपलं जाता जाता.

तर तुमच्या सूचना मी तंतोतंत पाळल्या. रस्ता कुणाला विचारायचा नाही, चढ दिसेल तिकडे जायचं. गेलो. गल्ल्या एवढ्या अरुंद, की समोरून एक जण खांद्यावर कपाट घेऊन आला तेव्हा मला कुणाच्या तरी उंबऱ्यावर चढून पोट आत घ्यावं लागलं. पुढच्या पायऱ्या थेट एका गच्चीत संपल्या. तिथे एक बाई चादरी पिळत होत्या. त्यांनी मी कोण, कुठला, काही न विचारता चादरीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं, आणि सगळ्या चादरी पिळून झाल्यावर सांगितलं, की बुरूज समोरच्या टेकडीवर आहे. पाणी न्यायचं नाही, उपाशी चढलं की शरीर हलकं होतं, हेही तुमचंच. झालं. इतकं हलकं झालं, की सहलीला आलेल्या एका शाळेच्या बाईंनी मला धरून सावलीत बसवलं आणि मुलांना दाखवलं, बघा, पाणी प्यायलं नाही की असं होतं.

अखेर बुरूज आला. म्हटलं, आता तुमच्यासारखाच फोटो काढू. एक पाय तोफेवर, मागे नदीचं वळण, केस वाऱ्यावर. भाऊजी, तिथे तोफ नाही. नदी डोंगराच्या दुसऱ्या अंगाला. मागे पाण्याची टाकी, आणि वारा म्हणाल तर पान हलत नव्हतं. चौकीदार म्हणाला, तोफ इथे कधीच नव्हती, हवी असेल तर खाली स्टँडसमोर फोटोवाल्याकडे मिळेल.

गेलो (लंगडत). फोटोवाले म्हातारे, पण भलतेच तोऱ्यात. रंगवलेला पडदा, त्यावर बुरूज आणि नदी. पुढे लाकडी तोफ. कोपऱ्यात टेबलफॅन. मला म्हणाले, वारा साधा हवा की सोसाट्याचा? सोसाट्याचे पैसे जादा. तुमचे फोटोतले केस आठवले आणि मी तिथल्या स्टुलावर मट्‌कन बसलो. जादा पैसे दिले होतेत हो तुम्ही!

संध्याकाळी ताईला फोन केला. वाटलं, बिचारीला धक्का बसेल. ती पोट धरून हसली. म्हणाली, यांना पहिल्याच चढाला धाप लागली, म्हणून हे फोटोवाल्याकडे बसले. मी गेले एकटीच. नवी नवरी, परकं गाव, भाषा येत नव्हती. सगळं पाहिलं, दिवेलागणीला खाली आले, मला काऽही झालं नाही. मग हा फोटो भिंतीवर लागला, आणि नव्या नवऱ्याला कशाला लाजवायचं म्हणून गप्प बसले. पुढे गप्प बसायची सवयच लागली रे. तिथे मात्र माझं हसू गेलं. राग आला, भाऊजी, तुमचा खराखुरा राग आला.

घरातल्या सर्वांना यथायोग्य. तुम्हाला काय योग्य, ते तुम्हीच ठरवा.

आपला (आजपर्यंत) आज्ञाधारक,
मेव्हणा

ता. क. छकुलीला फोटोचं अजून कळलेलं नाही. जेवताना हसतमुखाने ‘जा, बाळा’ एवढं म्हणा. फोटो भिंतीवर राहील, आणि पाहुण्यांसमोर ‘काय वारा हो!’ असं मीच म्हणेन.

आणखी एक ता. क. हे पत्र आत्ता ताईला फोनवर वाचून दाखवलं. म्हणाली, सौदा कसला करतोस? छकुलीचा कंपनीला होकार तिने आज सकाळीच पाठवायला लावलाय. पोहोचवायला ती स्वतः जाणार आहे, आणि येताना एकटी येणार आहे. ‘यांना विचारू नकोस, नुसतं कळव,’ म्हणाली.

कळवलं.